पूर्वसूचनेची भाषा

आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज संगणकाच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यासमोर आज्ञावलींविषयी, म्हणजे सॉफ्टवेअरविषयी, बोलण्याचा अधिकार मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला कोणता, असा प्रश्न या स्मृतिव्याख्यानाच्या श्रोत्यांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु त्या व्यवसायातला एक प्रश्न मूलतः भाषेचा आहे. आज वापरात असलेली सोय उद्या मोडणार असेल, तर ते वापरणाऱ्याला कसे सांगावे? तेवढ्याचाच विचार मी येथे मांडतो.

मोठ्या आज्ञावलीच्या बहुधा दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदतात. एक स्थिर, सर्वांसाठी. दुसरी विकासाधीन, लेखकाच्या कच्च्या खर्ड्यासारखी. हा खर्डा स्वेच्छेने वापरणारी माणसे त्यातील दोष शोधून कळवतात आणि त्यांच्या श्रमांवर पुढची स्थिर आवृत्ती उभी राहते. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीच्या अस्थिर शाखेचे नाव ‘सिड’ आहे. ‘टॉय स्टोरी’ या १९९५ च्या चित्रपटातील, खेळणी मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचे हे नाव.

नावातच इशारा असताना वेगळी सूचना कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु धोका पत्करणे आणि अंधारात राहणे यांत अंतर आहे. नदीला पूर येतो हे काठावरच्या माणसाला ठाऊक असते. तरीही धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजवावाच लागतो.

डेबियनमध्ये प्रत्येक लहानमोठ्या बदलाची नोंद एका फाईलीत होते. वापरणाऱ्याला कळलेच पाहिजे असे मोजके बदल मात्र ‘न्यूज’ या वेगळ्या फाईलीत लिहिले जातात. ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ हे साधन घेतलेले असेल, तर नवी आवृत्ती बसण्यापूर्वीच ती वार्ता पडद्यावर येते. सूचना फलकावर लावणे आणि शिपायाने सूचनावही वर्गात आणून गुरुजींनी ती वाचून दाखवणे, यांत जो फरक, तोच येथे आहे. फ्रीबीएसडी या प्रणालीत ‘अपडेटिंग’ नावाची फाईल असते. तिच्यातील नोंदी आठ अंकी तारखेने सुरू होतात आणि सर्वांत नवी नोंद वर असते. महिनाभराने परतलेला माणूस आपल्या मागच्या तारखेपर्यंत वाचत खाली येतो.

सूचना योग्य माणसापाशी पोहोचणेही तितकेच आवश्यक. पायथन या भाषेत एखादी सोय लवकरच रद्द होणार असेल, तर आज्ञावली चालताना तसा इशारा उमटत असे. तो होता आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी, पण दिसे सामान्य वापरकर्त्यालाही. म्हणून २०१० साली २.७ या आवृत्तीत तो एरवी दिसू नये अशी व्यवस्था झाली. परिणामी ज्यांच्यासाठी तो होता, त्यांच्यापैकीही अनेकांच्या नजरेआड तो गेला. अखेर २०१८ च्या ३.७ आवृत्तीत, थेट चालवलेल्या मुख्य फाईलीपुरता तो पुन्हा दिसू लागला.

आता वाक्यरचनेकडे वळू. ‘मांडणीत काही सुधारणा करण्यात आल्या आहेत’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण त्यात कर्ताही लपतो आणि ज्याला झळ पोहोचणार तोही. त्याऐवजी असे लिहावे: ‘या आवृत्तीपासून तुमची जुनी मांडणीची फाईल वाचली जाणार नाही. ती स्वतः बदलली असेल, तर आधी तिची प्रत काढून ठेवा.’ काय मोडणार, केव्हापासून, कोणाचे आणि आधी काय करावे, ही चारही उत्तरे या दोन वाक्यांत आली.

खर्डा वापरणाऱ्याचे दिवसभराचे काम एका सकाळी न सांगता बंद पडले, तर तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. मग त्याने पकडले असते ते दोष स्थिर आवृत्तीत उतरतात आणि ज्यांनी कोणताही धोका पत्करला नव्हता, अशांच्या माथी येतात. म्हणून या व्यवसायातील माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: बदल पूर्ण झाल्यावर घाईघाईने सूचना लिहू नका. बदल करतानाच ती लिहा, आणि प्रसृत करण्यापूर्वी त्या कामात नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या.