विमानांचे फेरफार

एखाद्या शेताचा पूर्वेतिहास जाणून घ्यायचा असला म्हणजे जाणता माणूस प्रथम सातबाऱ्याचा उतारा काढतो आणि मग फेरफारांचे क्रमांक धरून एकेक नोंद मागे वाचत जातो. शेत कोणी कोणास विकले, कोणत्या साली गहाण पडले, कोणाच्या पश्चात वारसाच्या नावे चढले, हे सारे त्या रुक्ष दप्तरात क्रमवार उतरलेले असते. विमानांचेही असेच दप्तर असते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी आलेले नाही. १९१९ साली पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारान्वये प्रत्येक मुलकी विमान कोणत्या तरी एका राष्ट्राच्या नोंदवहीत दाखल असलेच पाहिजे असा दंडक पडला. ब्रिटनच्या विमानांना ‘जी’ हे आद्याक्षर आणि त्यापुढे चार अक्षरे मिळू लागली, आणि हिंदुस्थानच्या वाट्याला पुढे जी ‘व्हीटी’ ही अक्षरे आली ती आजतागायत कायम आहेत. त्या अक्षरांखाली कारखान्याने दिलेला बांधणीक्रमांक, मालकाचे नाव व ठिकाण, उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याची तारीख, मालकी बदलल्याची तारीख, आणि सरतेशेवटी नोंद रद्द झाल्याची तारीख व तिचे कारण, एवढाच मजकूर असतो. याखेरीज विमानासोबत त्याची लॉगबुके फिरत असतात, आणि त्यांत सांगाड्याचे निराळे व इंजिनाचे निराळे अशी विभागणी असते. कारण इंजिन एका विमानातून उतरवून दुसऱ्यात बसवता येते आणि त्यामुळे त्याचे आयुष्य सांगाड्याच्या आयुष्यापासून कधी अलग होईल याचा नेम नसतो.

विमानांच्या जातींवर विपुल ग्रंथ आहेत. त्यांतून पंखांची लांबी, इंजिनाची अश्वशक्ती आणि एकूण किती विमाने बांधली गेली याची माहिती मिळते. पण जातीचा इतिहास म्हणजे व्यक्तीचे चरित्र नव्हे. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन विमानांपैकी एक दुसऱ्याच महिन्यात कुंपणावर आदळून निकालात निघते, तर दुसरे पाचसात मालकांच्या हाताखालून जाऊन नातवंडांच्या काळापर्यंत उडत राहते. ही तफावत ज्यांना मोलाची वाटली अशा अभ्यासकांनी १९४८ साली इंग्लंडात ‘एअर-ब्रिटन’ ही संस्था स्थापन केली, आणि एकेका विमानाची मालकी व अपघात यांची साखळी जुळवण्याचे काम तिच्या सभासदांनी पिढ्यानुपिढ्या निष्ठेने चालवले. या साखळीत अपघाताची नोंद ही सर्वांत मौल्यवान कडी आहे, असे माझे ठाम मत आहे. खरेदीविक्रीच्या नोंदीतून फक्त पैसा कोणाचा होता ते कळते. अपघाताच्या नोंदीतून हवा कशी होती, भूमी कशी होती, यंत्राचा दुबळा सांधा कोणता होता आणि मोडलेले जोडायला कोण धावून आले, हे सारे कळते.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभे आहे. नोंदवहीत त्याची अक्षरे जी-एएएएच. जगाला ते ‘जॅसन’ या नावाने ठाऊक आहे. डी हॅविलंड कंपनीच्या ‘जिप्सी मॉथ’ जातीचे हे १९२८ सालचे विमान. मॉथचा पहिला नमुना खुद्द जेफ्री डी हॅविलंड यांनी २२ फेब्रुवारी १९२५ रोजी उडवला, तेव्हा त्याचे इंजिन महायुद्धानंतर शिल्लक पडलेल्या आठ सिलिंडरांच्या रेनॉ इंजिनाचा अर्धा भाग घेऊन सिद्ध केलेले होते. जिप्सी हे शंभर अश्वशक्तीचे स्वतःचे इंजिन कंपनीने नंतर घडवले. बांधणी स्प्रूस लाकडाची व प्लायवुडाची, वर डोप नावाचा लेप चढवून ताणलेले लिननचे कापड, आणि पंख मागे दुमडून साध्या कोठारात ठेवता येतील अशी रचना. मध्यमवर्गीय माणसाला विमान बाळगता यावे ही कल्पना या यंत्राने प्रथमच व्यवहारात आणली.

जॅसनचा पहिला मालक कॅप्टन डब्ल्यू. एल. होप हा नामांकित शर्यतपटू. त्याच्याकडून ते ६०० पौंडांस विकत घेतले एमी जॉन्सन या हल शहरातील मासळीच्या व्यापाऱ्याच्या सव्वीस वर्षांच्या कन्येने. पैसे वडिलांनी आणि तेलसम्राट लॉर्ड वेकफील्ड यांनी दिले. ‘जॅसन’ हे नावही वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून घेतलेले. एमीचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. पण तिच्यापाशी भूअभियंत्याचा परवाना होता, आणि तो मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. ज्या यंत्रात बसायचे ते स्वतःच्या हातांनी उघडता आणि पूर्ववत जोडता आले पाहिजे, हा तिचा आग्रह होता, आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याची कसोटी रोज सायंकाळी लागणार होती.

५ मे १९३० रोजी ऑस्ट्रेलियाला जाण्यासाठी क्रॉयडन सोडताना गर्द हिरव्या रंगाच्या त्या विमानाच्या कुशीला एक जादा पंखा दोरखंडांनी बांधलेला होता. येथून पुढे जॅसनच्या अपघातांच्या रकान्याला विश्रांती नाही. अलेप्पो आणि बगदाद यांच्या दरम्यान वाळूच्या वादळाने एमीला वाळवंटात उतरवले. शेपटी वाऱ्याकडे करून, इंजिनावर कापड टाकून, हाती पिस्तूल घेऊन ती सामानावर बसून राहिली. बगदादला उतरताना चाकांचा आधारदांडा मोडला. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली, आणि १९२८ साली ऑस्ट्रेलियाचा पल्ला साडेपंधरा दिवसांत गाठणाऱ्या बर्ट हिंक्लर याच्यापेक्षा त्या घडीला ती दोन दिवसांनी पुढे होती.

कराचीहून अलाहाबाद गाठायचे, तो इंधन पुरेना म्हणून झाशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरणे भाग पडले. मैदान आखूड; विमान धावत धावत थेट बराकींच्या इमारतींपर्यंत गेले आणि पंखाला इजा होऊन अडकून राहिले. रात्रीतून डागडुजी झाली व दुसऱ्या दिवशी ती कलकत्त्याला पोहोचली. विक्रमावर खरा घाला पडला तो १३ मे रोजी ब्रह्मदेशात. मोसमी पावसाच्या दाट झडीत रंगूनचे शर्यतीचे मैदान काही सापडेना. तेव्हा खाली दिसलेले एक मोकळे पटांगण तिने निवडले. ते होते इनसीन येथील सरकारी तंत्रविद्यालयाचे खेळाचे मैदान. विमान गोलच्या खांबांपलीकडे जाऊन पुढच्या खंदकात शिरले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा वाकला, पंखा फुटला.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. कारण या एका मोडतोडीत विमान म्हणजे काय वस्तू आहे हे जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. पंखाच्या आतील लाकडी फासळ्या मोडल्या होत्या. विद्यालयातील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी त्या जुन्या फासळ्यांच्या मापाने नव्या घडवल्या. कापडाची अडचण मोठी होती. महायुद्धानंतर विमानांचे शिल्लक लिनन त्या भागात विक्रीस आले होते आणि लोकांनी त्याचे शर्ट शिवून घेतले होते. ते शर्ट गोळा करून उसवले गेले आणि त्यांच्या पट्ट्या जोडून पंखाचे कातडे पुन्हा सिद्ध झाले. पण कोरे कापड हवेत टिकत नाही. त्यावर डोप चढून ते नगाऱ्याच्या पानासारखे ताठ व्हावे लागते. रंगूनच्या एका रसायनविक्रेत्याने तो डोप हरप्रयासाने मिसळून दिला. फुटलेल्या पंख्याच्या जागी क्रॉयडनपासून वाहून आणलेला जादा पंखा बसला. तीन दिवस गेले आणि त्यांच्याबरोबर हिंक्लरचा विक्रमही निसटला. मात्र जी-एएएएच या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या वस्तूत त्या दिवसापासून इनसीनचे लाकूड आणि इनसीनकरांचे शर्ट समाविष्ट झाले, आणि ही गोष्ट विक्रमापेक्षा मला अधिक टिकाऊ वाटते.

पुढे जावा बेटावर एका साखरमळ्यात उतरताना बांबूच्या खुंटांनी पंखांना भोके पाडली. ती जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्यांनी बुजवण्यात आली. २४ मे रोजी जॅसन डार्विनला उतरले. आणि ज्या यंत्राने वाळवंट, मोसमी पाऊस आणि तिमोरचा समुद्र निभावला, ते पाच दिवसांनी ब्रिस्बेनच्या विमानतळावर जयजयकार करणाऱ्या जमावासमोर उतरताना मैदान ओलांडून गेले आणि उलटे झाले. एमीला इजा झाली नाही. अतिश्रमाने खचलेल्या वैमानिकाचा हात शेवटच्या सपाट मैदानावर चुकावा, याचे अपघातांच्या नोंदी वाचणाऱ्यास नवल वाटत नाही; अवघड टप्प्यावर माणूस सावध असतो.

एवढी दुरुस्ती पचवलेले विमान मूळचेच राहिले काय, असा प्रश्न तार्किकांना पडेल. दप्तराचे उत्तर व्यवहारी आहे: साखळी तुटली नाही तोवर विमान तेच. लाकूड कुजते, कापड दर काही वर्षांनी बदलावे लागते, इंजिन झिजते. अखंड राहते ती नोंद. म्हणूनच ज्या विमानांची मालकी फार हातांतून फिरली नाही त्यांचे अभ्यासकांना विशेष अप्रूप असते. जी-ईबीडब्ल्यूडी हे १९२८ सालचे मॉथ रिचर्ड शटलवर्थ या तरुण जमीनदाराने १९३२ साली विकत घेऊन बेडफर्डशायरमधील आपल्या ओल्ड वॉर्डन या गावच्या मैदानावर आणले, आणि ते तेव्हापासून तेथेच आहे. १९३९ साली युद्ध सुरू होताच शेकडो खाजगी विमाने सरकारजमा झाली, त्यांना लष्करी क्रमांक मिळाले आणि बहुतेकांची साखळी तेथेच संपली. हे मात्र वाचले. त्याचा मालक वाचला नाही. २ ऑगस्ट १९४० रोजी शटलवर्थ लष्करी विमानाच्या अपघातात गेला, आणि त्याच्या मातेने १९४४ साली मुलाच्या स्मरणार्थ न्यास स्थापून त्याचा संग्रह राखला.

आता आपल्या वहीकडे वळू. १९३२ सालच्या हिंदुस्थानी नोंदवहीत व्हीटी-एडीएन आणि व्हीटी-एडीओ या दोन अक्षरमाला एकमेकींच्या शेजारी येतात. पहिली ‘पस मॉथ’ जातीच्या, बंद बैठकीच्या एकपंखी विमानाची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा हेच विमान घेऊन कराचीच्या ड्रिग रोड तळावरून निघाले, अहमदाबादला त्यांनी बैलगाडीतून आलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून घेतले, आणि टपालाच्या थैल्या दुपारी जुहूच्या मैदानावर उतरवल्या. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी दुसऱ्या पस मॉथने टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि मग टपालाच्या विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

पस मॉथ दिसण्यास देखणे व वेगवान. परंतु १९३० पासून या जातीची विमाने जगाच्या निरनिराळ्या भागांत हवेतच मोडून पडू लागली. प्रत्येक अपघात सुटा पाहिला तर वादळ, ढग किंवा वैमानिकाची चूक असे एखादे कारण सहज पुढे करता येई. वेगवेगळ्या देशांतील अपघातांचे अहवाल एकत्र ठेवून वाचले गेले, प्रयोगशाळेत परीक्षा झाली, तेव्हा संशय पंखाला खालून तोलून धरणाऱ्या तिरप्या दांड्यावर स्थिरावला: खवळलेल्या हवेत तो वाकत होता. त्याच्या मध्यभागाला एक आखूड जोडदांडा देऊन तो बळकट करण्यात आला. अपघाताचा रकाना प्रामाणिकपणे भरला गेला नसता, तर त्या आखूड दांड्यापूर्वी आणखी किती माणसे गेली असती! जॅसनला ज्याच्याशी स्पर्धा करायची होती तो हिंक्लरही ७ जानेवारी १९३३ रोजी इटलीच्या डोंगरांत पस मॉथमध्येच मृत्यू पावला. टाटांनी १९६२ आणि १९८२ साली कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केले तेव्हा त्यांच्या हाताखाली पस मॉथ नव्हते; त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असे ‘लेपर्ड मॉथ’ होते. दुसऱ्या वेळी वैमानिकाचे वय अठ्ठ्याहत्तर होते.

शेजारची दुसरी नोंद, व्हीटी-एडीओ, ही ‘कॉम्पर स्विफ्ट’ नावाच्या एका माणसापुरत्या चिमुकल्या शर्यती विमानाची. पंखांचा विस्तार चोवीस फूट, नाकात पॉबजॉय कंपनीचे लहानसे चक्राकार इंजिन. मालक आल्बन अली, सिल्चरकडील चहाचे मळेवाले. त्यांनी विमानाला ‘द स्कार्लेट एंजल’ असे नाव दिले होते. १९३३ च्या फेब्रुवारीत दिल्लीस व्हाइसरॉयच्या चषकासाठी शर्यत झाली तीत अलींचे हे विमान उतरले; त्याच शर्यतीसाठी इंग्लंडहून दोन स्विफ्ट विमाने उडत आली होती, आणि त्यांपैकी एकाचा वैमानिक होता रिचर्ड शटलवर्थ. पुढे अली आपले विमान घेऊन इंग्लंडला गेले, तेथे त्याला जी-एसीटीएफ ही नवी अक्षरे मिळाली, आणि अनेक मालक व अनेक वर्षे मागे टाकून ते शेवटी ओल्ड वॉर्डनच्या संग्रहात दाखल झाले, म्हणजे दिल्लीच्या आकाशात ज्याच्याशी त्याने शर्यत केली त्याच्याच स्मरणार्थ उभारलेल्या छताखाली. तेथे जाऊन त्या विमानाची अक्षरे पाहणाऱ्यास ते निखळ इंग्रजी वाटेल. पण त्याचे फेरफार मागे वाचत गेलो की इंग्लंडची पाने संपतात, आणि त्याआधीच्या पानावर सिल्चर लागते, आणि त्या नोंदीच्या लगतच्या ओळीवर जुहूला उतरलेले टपालाचे विमान.