भूकंपाचे माप घेणारी यंत्रे

सोनाराच्या दुकानातील काटा तुम्ही पाहिला असेल. गुंजभर सोनेही तो अचूक तोलतो. परंतु त्याच काट्यावर कोणी वखारीतील ओंडका ठेवला, तर वजन तर कळणार नाहीच, उलट काटा मात्र मोडून जाईल. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांचेही असेच आहे. कोणते यंत्र चांगले, हे ते कशासाठी हवे आहे यावरून ठरते.

या यंत्रांमागील मूळ कल्पना साधी आहे. एका चौकटीला एक वजन टांगलेले असते. जमीन हादरली की चौकट हलते. वजन मात्र जडत्वामुळे क्षणभर जागच्या जागी राहू पाहते. या दोहोंमधील फरक नोंदला, की जमीन कशी हालली ते समजते. वेधशाळेतील भूकंपमापक अतिशय संवेदनशील असतो. जपानात मोठा भूकंप झाला, तर पुण्यात बसविलेले यंत्रही त्याची नोंद घेते. भूकंप कोठे झाला व केवढा झाला, हे अशा नोंदींवरूनच ठरवितात. पण तोच भूकंप जवळ झाला, तर यंत्राची मर्यादा संपते आणि नोंदीची रेषा कागदाबाहेर जाते. नेमका महत्त्वाचा भाग हरवतो!

धरण किंवा इमारत बांधणाऱ्या अभियंत्याला तर हाच भाग हवा असतो. बांधकामावर पडणारा जोर त्याच्या वस्तुमानावर आणि त्वरणावर, म्हणजे वेगात दर सेकंदाला होणाऱ्या बदलावर, अवलंबून असतो. म्हणून तो त्वरणमापक निवडतो. यातील वजन ताठ स्प्रिंगने धरलेले असते. बारीकसारीक कंपांची ते फारशी दखल घेत नाही. मोठा धक्का मात्र न डगमगता नोंदवते. जुने त्वरणमापक एरवी निद्रिस्त असत आणि जमीन हादरल्यावरच त्यांतील फिल्म फिरू लागे. त्यामुळे धक्क्याचा अगदी आरंभ निसटून जाई. आताची यंत्रे सतत जागी असतात व धक्क्यापूर्वीचे काही क्षणही जपून ठेवतात.

अशा यंत्राचे मोल सातारा जिल्ह्यातील कोयनानगरला दिसून आले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे तेथे ६.३ महत्तेचा भूकंप झाला. घरे कोसळली, दीडशेहून अधिक माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पण त्याला तडे गेले. सुदैवाने धरणाच्या आतील मार्गिकेत एक त्वरणमापक होता. गुरुत्वत्वरण १ मानले, तर त्याने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ आणि उभ्या दिशेने ०.३४ इतके कमाल त्वरण नोंदविले. धरणाचा आराखडा करताना धरलेला भूकंपगुणक होता अवघा ०.०५! या दोन आकड्यांची सरळ तुलना करणे बरोबर नव्हे; तरीही हिशेब अपुरा होता, हे उघड झाले. ही नोंद घेऊन शास्त्रज्ञांनी गणित मांडले, तेव्हा धरणाच्या मागील बाजूचा उतार जेथे एकदम बदलतो, तेथे ताण फार वाढतो असे दिसले. तडेही त्याच उंचीच्या आसपास होते. पुढे धरणाला मागील बाजूने काँक्रीटचा आधार देण्यात आला.

कोयनेच्या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जमीन एकाच दिशेने हालत नाही. म्हणून यंत्राने तिन्ही दिशांची नोंद घेतली पाहिजे. शिवाय बैठे घर एका सेकंदात अनेक वेळा हेलकावते, तर दहा मजली इमारतीच्या एका हेलकाव्याला सुमारे एक सेकंद लागतो. जलद आणि संथ अशी दोन्ही कंपने यंत्राला टिपता आली पाहिजेत. इमारतीत एकच यंत्र पुरत नाही. एक पायाशी, एक माथ्यावर आणि एक बाहेर मोकळ्या जमिनीवर बसवितात. म्हणजे जमीन किती हालली व इमारतीने तो हादरा किती वाढविला, हे वेगवेगळे कळते.

बसविताना यंत्र काँक्रीटला बोल्टने घट्ट आवळावे लागते. ते टेबलावर नुसते ठेवले, तर भूकंपाऐवजी टेबलाच्या थरथरण्याचीच नोंद हाती येते.