ध्वनिमार्गदर्शक आणि लेण्यांची भाषा

ऐतिहासिक स्थळ पाहावयास आलेल्या प्रवाशाच्या कानाशी बोलणारे यंत्र आता नवलाचे राहिलेले नाही. अॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ साली नभोवाणीच्या लहरींवरून आपल्या प्रेक्षकांस ध्वनिमुद्रित माहिती ऐकविली. तेव्हापासून फीत, चकती व आता खिशातील मोबाइल अशी साधने बदलत गेली. या साधनास आपण ध्वनिमार्गदर्शक म्हणू. त्याची यंत्ररचना हा आमचा विषय नव्हे. अशा यंत्रासाठी मराठी संहिता लिहावयाची झाल्यास भाषेचे कोणते प्रश्न उभे राहतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आणि त्यासाठी मावळातील वेहेरगावाचे उदाहरण सोयीचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, मळवली स्थानकाच्या उत्तरेस, डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. कार्ल्याची म्हणून जगास ठाऊक असलेली लेणी वस्तुतः याच गावाच्या माथ्यावर आहेत. स्थानकाच्या दुसऱ्या अंगास भाजे आणि त्याच्या वर लोहगड व विसापूर. एका दिवसाच्या पायपिटीत दोन सहस्र वर्षांचा इतिहास पायांखालून जातो. उघड्या वाटेवर प्रवासी कोठे पोहोचला हे यंत्रास उपग्रहाच्या संकेतावरून कळते. पण कातळाच्या पोटात तो संकेत पोहोचत नाही. तेथे स्थळाचा क्रमांक स्वतः दाबावा लागतो, आणि नेमका कोणत्या खांबासमोर ऐकणारा उभा आहे हे शब्दांनीच निश्चित करावे लागते.

आपले माहितीपर गद्य डोळ्यांसाठी घडलेले आहे. ‘वैजयंती येथील भूतपाल नामक श्रेष्ठीने पूर्णत्वास नेलेले, जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हणून गौरविलेले शैलगृह’ हे वाक्य कागदावर शोभते. कानाला मात्र ते ओझे होते. कारण मराठीत विशेषणे नामाच्या आधी येतात आणि घर हा शब्द कानी पडेपर्यंत ही सारी विशेषणे कशाची, हेच कळत नाही. बोलणारा माणूस असे बोलत नाही. ‘हे घर पुरे केले ते भूतपालाने. तो वैजयंतीचा सावकार’, असे तो म्हणेल. आधी वस्तू दाखवावी, क्षणभर थांबावे, मग तिच्याविषयी बोलावे, हा कथेकऱ्यांचा जुना क्रम येथे उपयोगी पडतो.

परंतु याहून कठीण प्रश्न लेखांच्या वाचनाचा आहे. चैत्यगृहाच्या ओवरीतील त्या प्रसिद्ध लेखात सेठि, परिनिठपित, उतम असे शब्द आहेत. ब्राह्मीत लिहिणारे जोडाक्षरातील द्वित्त बहुधा लिहीत नसत. म्हणजे लिहिले ‘उतम’, तरी उच्चार ‘उत्तम’ असाच असला पाहिजे; ‘सेठि’ हा ‘सेट्ठि’ आणि खांबांवरील दानलेखांतील ‘यवनस’ हा ‘यवनस्स’. छापील पुस्तकात संपादक मूळ अक्षरे जशीच्या तशी देऊन मोकळा होतो. उच्चार कसा करावा हे वाचकावर सोडता येते. ध्वनिमार्गदर्शकास ही सवलत नाही. त्याने तोंड उघडले की निर्णय झाला. आणि तो निर्णय हजारो कानांतून जाऊन पुढे तोच खरा उच्चार म्हणून रूढ होणार. आमच्या मते द्वित्तासहच उच्चारावे, आणि दगडावरील अक्षर असे असता आपण असे का म्हणतो हेही एका वाक्यात सांगावे. लेखातील शब्द संस्कृत करून ‘शैलगृह’, ‘श्रेष्ठी’ असे वाचण्याची हौस मात्र सर्वस्वी गैर होय. दात्यांनी संस्कृतात नव्हे, प्राकृतात लिहविले. आणि ‘सेलघर’ या शब्दातील ‘घर’ तर आजही आपल्या तोंडी आहे. धेनुकाकटाच्या यवनांनी येथील खांब दान दिले. त्यांच्या लेखांत ‘थंभो’ असा शब्द येतो. ‘येथे थांबा’ असे यंत्र ज्या खांबाशी सांगेल, त्यावरील ‘थंभ’ आणि आपले ‘थांबणे’ ही दोन्ही एकाच मुळाची आहेत, हे ऐकून कोणाही मराठी माणसास कौतुक वाटेल.

जे छापील पुस्तकास साधत नाही ते ध्वनीस येथे साधते. कार्ल्याच्या लेखांतील ‘मामाल’ म्हणजे आजचे मावळ होय, असे अभ्यासक मानतात. दोन स्वरांमधील म-काराचा व-कार झाला, जसा ग्रामाचा गाव व नामाचे नाव. आणि ल-काराचा ळ-कार झाला, जसे फलाचे फळ. हे नियम कागदावर रुक्ष दिसतात. पण ‘मामाल’ आणि ‘मावळ’ हे शब्द मध्ये अल्प विराम ठेवून लागोपाठ ऐकवावे, म्हणजे व्याकरण न शिकलेल्यासही नाते उमगते. तीच गोष्ट ‘लेणी’ या शब्दाची. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या लेणवासी भिक्षूंस गाव दिल्याचा लेख येथेच आहे. वलूरक हे नाव लोप पावले. ‘लेण’ मात्र टिकले.

वेहेरगाव या नावाचे नाते ‘विहार’ शब्दाशी जोडले जाते. असे असता प्रवाशाच्या कानावर हे नाव पडतच नाही. फलकावर ‘कार्ला लेणी’ असते. हा ‘कार्ला’ तसाच अविकृत ठेवून ‘कार्लाच्या लेण्या’ असेही आता ऐकू येते. यंत्रातील कृत्रिम आवाज अशा ठिकाणी हमखास फसतो: चाक आणि चार यांतील दोन च-कार त्यास निराळे सांगावे लागतात, आणि मळवलीतील कोणता अ-कार गळतो हे त्यास ठाऊक नसते. म्हणून निदान गावांची, टेकड्यांची, पाण्याच्या टाक्यांची नावे तरी तेथील रहिवाशांच्या आवाजात मुद्रित करावी, असा आमचा आग्रह आहे. अमेरिकेतील अल्काट्राझ तुरुंगात १९८७ साली सुरू झालेल्या ध्वनिमार्गदर्शकात तेथील माजी पहारेकरी व बंदी स्वतः बोलतात; तो ऐकण्यास लोक मुद्दाम जातात. वेहेरगावातही जुन्या पायवाटा ठाऊक असलेली माणसे आहेत. त्यांच्या तोंडची नावे शहरातील निवेदकाने प्रमाण उच्चारात म्हटली, तर काही वर्षांत गावातील मुलेही तीच म्हणू लागतील, आणि भाषेच्या अभ्यासकाचा एक पुरावा कायमचा नाहीसा होईल.

चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रात आणि नवरात्रात कोळी, आगरी भाविकांची तेथे एवढी गर्दी लोटते की कोणतीही ध्वनिफीत ऐकू येणे अशक्य. संहिताकाराने हा आवाज अडथळा समजू नये. एरव्हीच्या शांत दिवशी त्याने आत एवढेच सांगावे: कानातील यंत्र काढा, टाळी वाजवा. सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या दालनात, मूळच्या सागवानी कमानींखाली, ती टाळी कशी फिरून येते हे निवेदकास सांगता येणार नाही.