दुबईची बँक आणि आपला रुपया

दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने आरबीएल, म्हणजे पूर्वाश्रमीच्या रत्नाकर बँकेचा शेकडा ६० हिस्सा सुमारे २६,८५० कोटी रुपयांस घेण्याचा करार ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून उमरेडला खाणीतल्या पगारदारापासून मिरचीच्या अडत्यापर्यंत कोणाच्याही तोंडी एकच भाष्य ऐकू येते, की तेलाच्या पैशाने गब्बर झालेल्या अरबांनी कोल्हापूर संस्थानात १९४३ साली उभी राहिलेली मराठी पेढी गिळली.

यातले तेल आधी बाजूस सारू. या बँकेची एक पूर्वज, नॅशनल बँक ऑफ दुबई, तिथले तेव्हाचे शासक शेख राशिद यांच्या हुकुमाने १९६३ साली स्थापन झाली. दुबईच्या समुद्रात तेल लागले ते १९६६ मध्ये. तोवर तिथला व्यवहार खाडीकाठच्या व्यापारावर चाले, आणि तोही, आज कोणास खरे वाटणार नाही, रुपयांत! आखातातून चोरट्या वाटेने हिंदुस्थानात येणाऱ्या सोन्यापायी बाहेर गेलेले रुपये पौंडांच्या मागणीसह परत येऊन परकीय गंगाजळी आटू लागली, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये केवळ आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या: दहाची तांबडी, शंभराची हिरवी, आणि छापखाना आपल्या नाशिकचा. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा दुबईने त्याची संगत सोडली. पुढे २००७ मध्ये नॅशनल बँक ऑफ दुबईचे एमिरेट्स बँक इंटरनॅशनलशी विलीनीकरण होऊन हल्लीचे नाव रूढ झाले.

आता ‘गिळली’ या तक्रारीविषयी. आरबीएलचे भाग २०१६ पासून शेअरबाजारात आहेत, म्हणजे मालकी केव्हाच विखुरलेली होती. शिवाय करारातील रक्कम मुख्यतः नव्या भागांपोटी खुद्द बँकेच्याच तिजोरीत यावयाची आहे, त्यामुळे पैसा दुबईस जाणार हे भाकीत नेमके उलटे ठरते. हिस्सा कितीही असो, कायद्याने एका भागधारकास मताधिकार शेकडा २६ पलीकडे मिळत नाही. अंमल रिझर्व्ह बँकेचाच राहतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस विम्याचे संरक्षण इतर बँकांप्रमाणेच असते.

अरब बँक म्हणजे बिनव्याजी, हाही एक भोळा समज आहे. एमिरेट्स एनबीडी व्याजावरच चालते, बिनव्याजी व्यवहारासाठी तिची एमिरेट्स इस्लामिक ही उपकंपनी वेगळी आहे. तेव्हा उमरेडच्या कर्जदाराने त्या आशेवर हप्ता थकवू नये.