परालिया : कावेरीच्या मुखाचा किनारा

ग्रीक भाषेत ‘परालिया’ म्हणजे समुद्रकाठचा मुलूख. इ. स. पूर्व ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनिसने अॅटिकाची नगर, अंतर्भाग आणि किनारा अशी विभागणी केली. तीत किनाऱ्याला हेच नाव होते. पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात हा शब्द चोळांच्या किनाऱ्याला लावला आणि तेथे ‘खाबेरोस’ नदीचे मुख व ‘खाबेरिस’ नावाची व्यापारी पेठ नोंदविली. ही नदी म्हणजे कावेरी आणि ही पेठ म्हणजे कावेरीपट्टिनम् अथवा पुहार, याविषयी शंका घेण्यास फारशी जागा नाही.

कुंभकोणम् या मुखापासून सुमारे ६० किलोमीटर आत, कावेरी व अरसलार यांच्यामधल्या गाळाच्या भूमीवर वसले आहे. तिरुचिरापल्लीच्या वरच्या अंगाला नदी दुभंगते. पुराचे पाणी उत्तरेकडील कोळ्ळिडम् वाहून नेते. कावेरी हे नाव राखणारा दक्षिणेकडील फाटा मात्र कालव्यांत आणि भातखाचरांत वाटला जातो. म्हणूनच आज पुहारजवळचा क्षीण प्रवाह पाहणाऱ्याला येथे कधी गलबते लागत असतील हे खरे वाटत नाही.

तरीही ती लागत होती. ‘पट्टिनप्पालै’ या संघमकालीन काव्यात समुद्रमार्गे आलेले घोडे, मिऱ्यांची पोती, दक्षिणेची मोती, पूर्वेची पोवळी आणि गंगाकाठचा माल यांची लांबलचक यादी येते. ‘शिलप्पदिकारम्’मध्ये यवनांच्या वस्तीचा उल्लेख आहे. हा ‘यवन’ शब्द मूळचा आयोनियन ग्रीकांचा वाचक. मराठी बखरींतील त्याचा अर्थ फार नंतरचा. रोमन काळात तो पश्चिमेकडून येणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याला लावला जात असावा.

काव्याची साक्ष एकटी पुरेशी नव्हे. परंतु १९६० नंतरच्या दशकात पुहारजवळ किळैयूर येथे उत्खननात विटांचा धक्का आणि गलबते बांधण्याचे लाकडी खांब सापडले. त्याआधी १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीनजीक अरिकमेडू येथे इटलीतील मृद्भांडी आणि मद्याचे कुंभ उजेडात आणले होते.

‘मणिमेखलै’ सांगते की, इंद्रोत्सव चुकल्यामुळे समुद्राने पुहार गिळले. भरतीच्या पट्ट्यात आढळलेली विटांची बांधकामे पाहता समुद्र आत सरकला हे मान्य करावे लागते. पण किनाऱ्याची सावकाश झीज आणि दुसरीकडे वळलेले पाणी ही कारणे एका प्रलयाहून अधिक पटणारी आहेत. व्यापार दक्षिणेकडे सरकला. राजराज चोळाच्या काळात श्रीविजयाच्या राजाने आपला बौद्ध विहार पुहारला नव्हे, तर नागपट्टिनम् येथे बांधविला.