तोरणमाळ

तोरणमाळ : महाराष्ट्र राज्यातील थंड हवेचे एक ठिकाण व खानदेशातील प्रमुख गिरिस्थान. ते सातपुडा पर्वताच्या पठारी माथ्यावर, सस. पासून सु. १,१५० मी. उंचीवर, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी (धडगाव) तालुक्यात वसले आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा स्थापन होण्यापूर्वी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात मोडत असे. शहादा हे सर्वांत जवळचे मोठे गाव असून तेथून म्हसावद, राणीपूर, काळापाणी या मार्गाने व पुढे वळणावळणांच्या घाटाने माथ्यावर जाता येते. पूर्व खानदेशातील एरंडोल, धरणगाव, चोपडा या भागांतील प्रवासी चोपडा–शिरपूर–शहादा या मार्गाने येथे येतात. परिसरात विपुल असलेल्या तोरण नावाच्या काटेरी झुडपांवरून या स्थळास हे नाव पडले, असे मानतात.

पठार बेसाल्ट खडकाचे असून त्याच्या कडा उभ्या तुटलेल्या आहेत. दक्षिणेस तापीचे मैदान, तर उत्तरेस नर्मदेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा दिसतात. माथ्यावर यशवंत तलाव व कमळ तलाव हे जलाशय, गोरखनाथाचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा असून कड्यावरील सीताखाई ही खोल दरी विशेष प्रेक्षणीय आहे. साग, सालई, मोह, चारोळी, आंबा, तेंदू हे येथील पानझडी वनांतील प्रमुख वृक्ष होत. भिल्ल व पावरा हे येथील मुख्य आदिवासी समाज.

गिरिस्थानाचे हवामान त्याच्या केवळ उंचीवर अवलंबून नसते, हे तोरणमाळच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील शामॉनी हे नगर सु. १,०३५ मी. उंचीवर, म्हणजे तोरणमाळपेक्षा काहीसे खालीच आहे. तरीही तेथे हिवाळ्यात विपुल बर्फ पडते आणि १९२४ मध्ये पहिल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा तेथेच झाल्या. याचे मुख्य कारण अक्षांश. शामॉनी सु. ४६° उ. अक्षांशावर असल्याने तेथे हिवाळ्यात सूर्यकिरण फार तिरपे पडतात व दिवस लहान असतो. शिवाय अटलांटिक महासागरावरून येणारे वारे हिवाळ्यातही बाष्प आणतात. तोरणमाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथे हिवाळ्यात वारे खंडाच्या अंतर्भागातून येत असल्याने कोरडे असतात आणि आकाश बहुधा निरभ्र असते. साहजिकच थंडी पडते, परंतु हिमवृष्टी होत नाही.

मात्र डिसेंबर–जानेवारीतील कडाक्याच्या थंडीत सातपुड्याच्या या भागात दवबिंदू गोठतात. निरभ्र व निवांत रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने बाहेर टाकली जाते. थंड झालेली जड हवा उतारांवरून घसरत खोलगट जागी साठते आणि गवताच्या पात्यांचे तापमान शून्याखाली जाते. थोड्या उंचीवरील हवा त्या वेळी काही अंश अधिक उबदार असते. म्हणून गवतावर, चाऱ्याच्या गंजीवर व वाहनांच्या टपांवर पहाटे पांढरा थर दिसतो आणि ऊन चढताच नाहीसा होतो. हे दृश्य पाहावयाचे असल्यास मुक्काम करून सूर्योदयापूर्वी बाहेर पडावे लागते. या ऋतूत हवा स्वच्छ असल्याने कड्यावरून मैदानाचा दूरवरचा भाग दिसतो. थंडीचा उपयोग करून अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात शेतकरी स्ट्रॉबेरीची लागवड करतात. ऋतूच्या प्रारंभी, दिवाळीत, अस्तंभा (१,३२५ मी.) या शिखरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते, तर अखेरीस महाशिवरात्रीला तोरणमाळ येथे गोरखनाथाची यात्रा भरते. तीस महाराष्ट्राखेरीज मध्य प्रदेश व गुजरातमधूनही भाविक येतात. त्यानंतर होळी हा या डोंगरांतील सर्वांत मोठा सण येतो.

उन्हाळ्यातील चित्र वेगळे असते. अंजनी नदीकाठचे एरंडोल व तापी खोऱ्यातील इतर गावे एप्रिल–मे महिन्यांत होरपळून निघतात आणि तेथील दुपारचे तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत चढते. उंचीनुसार तापमान दर १,००० मी. ला सरासरी ६·५° से. घटते. एरंडोल व तोरणमाळ यांच्या उंचीत सु. ९०० मी. अंतर असल्याने दोहोंच्या तापमानांत सु. ६° से. चा फरक अपेक्षित असतो. यावरून भर दुपारी तोरणमाळही उष्णच असते, हे उघड आहे. खरा सुखावा पहाटेचा व रात्रीचा. पानझड झाल्याने डोंगर या काळात उघडे दिसतात. प्रवाशांस ते उदास वाटले, तरी स्थानिक लोकांच्या दृष्टीने हा कमाईचा काळ होय. मोहाची फुले व चारोळी गोळा करणे आणि कैरीच्या फोडी उन्हात वाळवून आमचूर तयार करणे ही कामे याच दिवसांत चालतात. धडगावचे आमचूर प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात कड्यांवरून धबधबे कोसळतात. पण दाट धुक्यामुळे घाटात वाहने सावकाश चालवावी लागतात.

आल्प्समधील गिरिनगरे हिवाळ्यात बर्फावरील खेळांवर व उन्हाळ्यात पदभ्रमण, गिरिरोहण यांवर चालतात. त्यामुळे तेथील रहिवाशास वर्षातून दोनदा काम मिळते. अलीकडे तापमानवाढीमुळे कमी उंचीच्या स्थळी बर्फ अपुरे पडू लागले असून अनेक ठिकाणी यंत्रांनी कृत्रिम बर्फ तयार करावे लागते. म्हणून उन्हाळी हंगामाचे महत्त्व तेथे वाढत आहे. तोरणमाळपुढील प्रश्न याहून निराळा आहे. खरिपाचे पीक हाती आल्यावर या डोंगरांतील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत व मैदानी प्रदेशांत जातात. म्हणजे प्रवासास सर्वांत अनुकूल अशा हिवाळ्यातच येथील पाडे ओस पडतात आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या शिक्षणात खंड पडतो. बेसाल्टच्या उतारांवरून पावसाचे पाणी लवकर वाहून जात असल्याने उन्हाळ्यात पाड्यांवरील झरे आटतात. प्रवाशांची गर्दीही त्याच दिवसांत होते, हे लक्षात घेतल्यास पाण्याचा प्रश्न किती नाजूक आहे, हे कळून येते.

माथेरान, महाबळेश्वर, चिखलदरा या गिरिस्थानांची वाढ ब्रिटिश अमदानीत झाली. तोरणमाळला असा राजाश्रय मिळाला नाही. त्यामुळे तेथे सोयी कमी राहिल्या, पण वन व शांतता बऱ्याच अंशी टिकून राहिली. निवासाची व मार्गदर्शनाची कामे स्थानिक कुटुंबांच्या हाती राहिली आणि तलाव व झरे जपले गेले, तर हिवाळ्याचा हंगाम त्यांना घरीच रोजगार देऊ शकेल. तोरणमाळच्या विकासाचे माप प्रवाशांच्या संख्येपेक्षा दिवाळीनंतर पाड्यावर राहू शकणाऱ्या कुटुंबांच्या संख्येवरून ठरविणे अधिक योग्य होईल.