नव्या स्वयंपाकघरातील वीजजोडणी

जुन्या काळच्या स्वयंपाकघराला विजेची गरज बेताचीच असे. एक दिवा, पुढे एखादा पंखा, आणि नारळाचे वाटण रगड्यावरून मिक्सरमध्ये आल्यावर त्यासाठी एक प्लगपॉइंट. गोव्यातील कौलारू घरांत लाकडी पट्टीवरून नेलेल्या तारांना एवढे काम सहज पेलत असे. आज त्याच खोलीत शीतकपाट, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह, पाणी उकळण्याची किटली आणि पाणी शुद्ध करणारे यंत्र एकत्र नांदतात. ओटा नवा होतो, फरशी नवी होते, कपाटांच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते. भिंतीतील तारा मात्र पुष्कळदा जुन्याच राहतात.

यात धोका कसा संभवतो, हे साध्या हिशेबाने कळते. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने येते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटच्या आकड्याला २३० ने भागले की ते साधारण किती अँपिअर प्रवाह घेते, हे समजते. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर घेते. तिच्या जोडीला १५०० वॅटची किटली आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालू झाल्यास प्रवाह २० अँपिअरच्या वर जातो. सकाळी डबे भरण्याच्या घाईत हे नेमके घडते. प्रवाह दुप्पट झाला, की तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट होते. तारेवरचे वेष्टन या उष्णतेने हळूहळू कडक होते, तडकते, आणि भिंतीच्या आत काय चालले आहे याची बाहेर कोणाला वार्ता नसते.

म्हणून ओटा बांधण्यापूर्वी, गवंड्याच्या आधी वायरमनला बोलावणे अगत्याचे आहे. कोणते उपकरण कोठे राहील हे ठरवून त्याप्रमाणे परिपथ वेगळे करावेत. दिव्यांसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची तार लागते. मोठी भट्टी किंवा दोन चुलींची विद्युत शेगडी असल्यास तिला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार मुख्य फलकापासून आणणे योग्य. शीतकपाटाचा परिपथही निराळा असलेला बरा. अन्यथा मिक्सरच्या बिघाडाने वीज खंडित होते आणि घरचे लोक परगावी असल्यास आतले सारे नासून जाते.

एमसीबी बसविली म्हणजे सुरक्षितता आली, असा एक समज दृढ आहे. वस्तुतः एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ओल्या हाताने सदोष उपकरणाला स्पर्श झाल्यास शरीरातून जाणारा काही दशक मिलिअँपिअरचा प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याशा प्रवाहाची दखलच घेत नाही. हे काम आरसीसीबी या दुसऱ्या साधनाचे आहे. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडताच ते क्षणार्धात वीज तोडते. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी ३२ अँपिअरची बसविणे हा तर फ्यूजमध्ये जाड तार घालण्याचाच नवा अवतार होय. तार तीच राहते, आणि तिचा पहारेकरी तेवढा झोपी जातो.

भूसंपर्कन, म्हणजे व्यवहारातले अर्थिंग, याची उपेक्षा सर्वांत अधिक होते. तीन पिनांच्या प्लगमधील लांब व जाड पिन त्यासाठीच असते. ती लांब असल्यामुळे प्लग घालताना भूसंपर्क सर्वप्रथम जोडला जातो. जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग लहान सॉकेटात बसावा म्हणून जोडतुकडा वापरणे किंवा हिरवी तार कापून टाकणे सर्वथा टाळावे. सॉकेटातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून देण्याची क्लृप्ती काही ठिकाणी आढळते. ती विशेष घातक आहे, कारण न्यूट्रल तुटल्यास शीतकपाटाच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्टचा दाब येतो. जांभ्या दगडाची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते व भूसंपर्काचा रोध वाढतो. तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे.

सॉकेट ओट्याच्या वर, पाण्याच्या नळापासून व शेगडीच्या ज्वाळेपासून दूर असावेत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या शेजारी खाली सॉकेट ठेवू नये. भिंतीतील नळ्या सरळ उभ्या वा आडव्याच न्याव्यात, तिरप्या नव्हेत. गिलावा चढण्यापूर्वी त्यांचे मोजमापांसह छायाचित्र घेऊन ठेवल्यास पुढे कपाटासाठी भोक पाडणाऱ्या सुताराचा जीव वाचतो.

हे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि वीज सुरू करण्यापूर्वी तारांच्या वेष्टनाचा रोध मेगरने मोजून घ्यावा. ५०० व्होल्ट दाबाखाली तो एक मेगओहमपेक्षा कमी भरता कामा नये. नव्या उपकरणांमुळे घराचा एकूण भार मंजूर भारापेक्षा अधिक होत असेल, तर वाढीव भारासाठी विद्युत खात्याच्या उपविभागीय कार्यालयाकडे अर्ज आधीच करावा, म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी तार व मीटर त्या भारास पुरेसे आहेत की नाहीत हे वेळेवर पाहता येते.